निमकर साहेबांची गप्प पेटी

निमकर साहेबांना पेटीवर एक गाणं वाजवता येत नव्हतं. गाणं राहू द्या, सा-रे-ग-म सरळ वर जाऊन खाली येताना त्यांचं बोट हमखास अडखळायचं. आणि तरी कुणाला पेटी विकत घ्यायची असली की माणसं कोथरूडहून, पार हडपसरहून त्यांना सोबत न्यायला यायची. एकदा मी विचारलंच, "साहेब, वाजवता येत नाही आणि पारखता कशी हो?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वानखडे बाई, मी एकतीस वर्षं मंडईतले तराजू तपासले. मेथीची एक जुडी विकली नाही."

आता त्यांना जाऊन वर्ष होईल. हे लिहायला बसले, कारण परवा शेजारच्या मुलीनं पेटी घ्यायची म्हणून मला सोबत बोलावलं आणि माझ्या तोंडून साहेबांचीच वाक्यं बाहेर पडायला लागली. ती बिचारी बघतच राहिली.

मी मूळची अमरावतीची. सारी नोकरी गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मुलाच्या नोकरीपायी आम्ही नवरा-बायको पुण्यात, वारज्याला त्याच्याकडे राहायला आलो. लहानपणी पेटी शिकायची फार हौस होती, ती राहून गेली होती. आता वेळच वेळ. तेव्हा एका दुपारी एकटीच उठले आणि सदाशिव पेठेतल्या एका पेटीच्या दुकानात जाऊन उभी राहिले. समोर रांगेनं पेट्या. एक अशी चकचकीत होती की विचारू नका. पुढं नऊ खुंट्या, बाजूला नक्षी, आत लाल मखमल. मी तिच्यावर हात ठेवला आणि मागून आवाज आला, "ती घेऊ नका. ती पेटी नाही, फर्निचर आहे."

वळून बघते तर पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी, असे एक सडसडीत गृहस्थ खुर्चीत बसलेले. मला वाटलं दुकानाचे मालक. म्हटलं, "मग तुम्ही ती विकायला कशाला ठेवली?" तर खरे मालक गल्ल्यावरून हसले. म्हणाले, "बाई, हे विकत नाहीत. हे विकू देत नाहीत."

पुण्यात येऊन मला तेव्हा दोनच महिने झाले होते आणि इथल्या लोकांच्या तिरकस बोलण्याचा मला भयंकर राग यायचा. आमच्याकडे माणूस आधी पाणी देतो, मग बोलतो. मी चिडून म्हटलं, "मग सांगा की कुठली घ्यायची ते!" त्यावर हा माणूस उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि एकेक प्रश्न विचारायला लागला, जणू मीच काही चोरून आणलंय. किती वर्षं शिकणार? घरात किती माणसं? पेटी भिंतीला लागून ठेवणार का? गाता का? गाता तर कुठल्या पट्टीत? मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाले, "बरं आहे. माहीत असल्याचं सोंग करणाऱ्यांपेक्षा बरं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते अजून लक्षात आहे. शिकणाऱ्यानं अगदी स्वस्तातली पेटी घेतली की तो दोन महिन्यांत शिकणं सोडतो, कारण पेटी बेसूर असते आणि त्याला वाटतं आपणच बेसूर आहोत. अगदी महागातली घेतली की तिला हात लावायलाच भितो, तिच्यावर भरतकामाचा रुमाल घालून ठेवतो. म्हणून मधली घ्यायची. "पण मधली निवडणं सगळ्यांत अवघड," ते म्हणाले. "स्वस्त वाईट असते, महाग चांगली असते, तिथं डोकं लागत नाही. मधल्या पेट्यांत दोन्ही मिसळलेल्या असतात."

त्यांनी पिशवीतून एक छोटी लाकडी डबी काढली. आत निळ्या मखमलीत पितळेची वजनं. त्यातलं पन्नास ग्रॅमचं वजन काढून ते पेटीच्या प्रत्येक पट्टीवर, पांढऱ्या आणि काळ्या, एकेक करून ठेवत गेले. वजन ठेवलं की पट्टी खाली जायला हवी, उचललं की वर यायला हवी, आणि सगळ्यांची सारखीच. एका पेटीची तिसरी काळी पट्टी वजनालाही दबेना. "नापास." दुसरीची एक पट्टी खाली गेली ती वरच येईना. "नापास." बाहेर पाऊस पडत होता. म्हणाले, "पेटी पावसाळ्यातच घ्यावी. उन्हाळ्यात सगळ्याच चांगल्या असतात. ओल आली की लाकूड फुगतं, आणि मग कोण कसं आहे ते कळतं."

आणि शेवटी त्यांची ती प्रसिद्ध परीक्षा. भाता मारून पेटीत हवा भरायची. एकही पट्टी दाबायची नाही. मग डोळे मिटून कान पेटीला लावायचा आणि ऐकायचं. ऐकायचं काय? काहीच नाही! पेटी कुठून हवा सोडत असेल तर बारीक सुसकारा येतो, साप दूर कुठंतरी असावा तसा. चांगली पेटी हवा धरून गप्प बसते. दुकानाचे मालक म्हणायचे, अहो साहेब, भाता किती वेळात खाली बसतो ते बघितलं तरी कळतं. काही लोक उदबत्ती फिरवतात, धूर हलला की गळती सापडते. साहेब त्यांना हिणवायचे. "भाता सगळ्यांचाच बसतो, आज ना उद्या. आणि उदबत्ती देवाला लावा. हवा कुठून जाते ते कानच सांगतो."

त्या दिवशी चौथ्या पेटीला त्यांनी कान लावला, बराच वेळ लावला, आणि डोळे उघडून म्हणाले, "गप्प आहे." त्यांच्याकडे याहून मोठी शाबासकी नव्हती. साधी, तपकिरी, नक्षी नसलेली मधल्या किमतीची पेटी. मी ती घेतली. त्यांनी झाकण उघडून आतल्या बाजूला पेन्सिलनं बरोबरची खूण केली, खाली 'नि.' लिहिलं आणि म्हणाले, "खंडेनवमीला येतो."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण खंडेनवमीला सकाळी दहाला बेल वाजली आणि दारात साहेब, हातात तीच पिशवी! त्यांच्या वजनमाप खात्यात प्रत्येक वजनाची ठरावीक काळानं पुन्हा तपासणी होते, शिक्का मारून घ्यावा लागतो. तो नियम त्यांनी पेट्यांना लावला होता. त्यांनी पास केलेली पेटी ही त्यांची जबाबदारी. मी पेटीची पूजा मांडली होती, झेंडूची माळ घातली होती. त्यांनी ती माळ अलगद उचलून बाजूला ठेवली. "आधी तपासणी, मग फूल."

चहाचाही त्यांचा नियम होता. नोकरीत असताना ज्या दुकानात तपासणीला जायचे तिथं पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर यात त्यांनी एवढीच सवलत दिली होती, की पेटी पास झाली तर नंतर एक कप चहा. नापास झाली तर चहा नाही, कारण मग ते कामावर असतात. पहिल्या वर्षी पेटी पास झाली. चहा पिताना त्यांनी कप हातात तोलून बघितला आणि म्हणाले, "साखर जास्त आहे." आमचे हे आतल्या खोलीतून म्हणाले, "ते वऱ्हाडातली साखर हाय साहेब, जास्तच राहते!" तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. बाप्पा! दात दिसले माणसाचे.

मंडईत त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे गंमत होती. झेंडू घ्यायला मी एकदा गेले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते रांगेतून चालायला लागले की विकणारी जुनी माणसं हात पुसून ताठ बसायची. एका पालेभाजीवालीनं मात्र लांबूनच हाक मारली, "साहेब, या की! आज कोथिंबीर ताजी हाय." ती मंगल. शहरानं गिळलेल्या एका गावची, चाळिशीची, खणखणीत आवाजाची. तिनंच मला सांगितलं, की ती नवी नवरी म्हणून सासूशेजारी गाळ्यावर बसायला लागली त्याच आठवड्यात साहेबांनी सासूचं वजन उलटं करून बघितलं होतं. खालून शिसं काढून पोकळ केलेलं. जप्त केलं, खटला भरला. "सासूनं लई शिव्या घातल्या. आन् दुसऱ्या दिवशी ह्योच माणूस पिशवी घेऊन मेथी घ्यायला दारात! सासू म्हनली, लाज न्हाई वाटत? तर म्हनले, काल वजन खोटं होतं, मेथी खरी होती."

साहेब शेजारी उभे राहून कोथिंबिरीच्या काड्या बघत होते. म्हणाले, "मेथी अजूनही खरी असते."

असा हा माणूस. आता त्यानंतरची गोष्ट सांगायची म्हणजे मला माझीच लाज सांगायची आहे. पण ती सांगितल्याशिवाय साहेब पुरे होत नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या पेटीच्या भात्याचं कातडं कुठंतरी सैल झालं. पेटी सुसायला लागली. मी दुरुस्तीला नेलीच नाही. म्हटलं, खंडेनवमी जवळ आली आहे, साहेब येतील, गळती शोधतील, रागावतील, मग नेऊ. ते आले. पन्नास ग्रॅमचं वजन सगळ्या पट्ट्यांवरून फिरलं. मग हवा भरली, डोळे मिटले, कान लावला. पेटी सुसत होती. मी चार हातांवरून ऐकत होते. आतल्या खोलीतून आमचे हे ओरडले, "अवं, कुकर सुसू राह्यला ना, गॅस बंद कर!"

साहेबांनी तेही ऐकलं नाही. डोळे उघडले. चेहऱ्यावर अगदी समाधान. "गप्प आहे."

आणि पेन्सिलनं खूण केली.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण त्या समाधानाकडे बघून माझ्याच्यानं बोलवेना. एकटा माणूस, बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. या तपासण्यांशिवाय त्याला होतं काय? मी चहा ठेवला. साखर कमी घातली. ते गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं तर हे म्हणाले, "तू? तू गप्प बसली? तू तर सख्ख्या भाच्याले पस्तीसाले एक मार्क दिला नव्हता."

खरं होतं ते. सगळ्या नोकरीत मी एकाही मुलाला ग्रेस मार्क दिला नाही. मुख्याध्यापकांशी भांडणं झाली, नात्यात अबोले झाले, पण दिला नाही. आणि आता दर खंडेनवमीला मी एका माणसाला देत होते. पेटी दुरुस्तही करता येईना, कारण दुकानात नेली तर मालक विचारणार, साहेबांनी पास केलेली ना ही? म्हणून मी दुप्पट जोरानं भाता मारत बसायची. डावा खांदा दुखायला लागला. तीन खंडेनवम्या गेल्या, तीन खुणा झाल्या.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की साहेब बदललेत असं सगळेच म्हणताहेत. पूर्वी चार पेट्या नापास करून पाचवी घेणारा माणूस हल्ली पहिलीच पास करतो. लोक म्हणायचे, वयानं मऊ झाले हो. मऊ कसले! ज्याला बारीक सुसकारा ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी जगातली प्रत्येक पेटी गप्पच की. मला हे कळत होतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हते.

मग मंगलनं पेटी घ्यायची ठरवलं.

तिचं गावात बायकांचं भजनी मंडळ होतं. तिला गणपतीत स्वतःच्या पेटीवर गायचं होतं. घरात सगळ्यांचा विरोध. नवरा म्हणे, भाजी विकनारनीला पेटी कशाला? दीर म्हणे, चार दिवसांनी माळ्यावर जाईल. तिनं मला फोनवर सांगितलं, "ताई, ह्या जल्मात मी माझ्यासाठी पयल्यांदा काय घेतीया. खराब निघाली तर मला घरात त्वांड काढायला जागा न्हाई. म्हणून साहेबांना घेऊन चालले. ज्यानं माझ्या सासूचं वजन पकडलं त्यो मला फसू देनार न्हाई."

मी लगेच म्हटलं, मीही येते. मनात ठरवलं, की काही खराब दिसलं तर काहीतरी निमित्त काढून ती पेटी बाजूला करायला लावायची. रंग आवडला नाही म्हणायचं, जड आहे म्हणायचं. खरं बोलायचं सोडून बाकी सगळं मी ठरवलं होतं.

श्रावणातली दुपार. तेच दुकान, तेच मालक. तीन पेट्या समोर. साहेबांनी पहिल्या पेटीवर वजन फिरवलं. पट्ट्या उत्तम. हवा भरली, डोळे मिटले, कान लावला. पेटी सुसत होती. मी मालकांकडे बघितलं, मालक छताकडे बघत होते. साहेबांनी डोळे उघडले.

"गप्प आहे."

मी घसा खाकरला. रंगाबद्दल बोलणार एवढ्यात मंगल म्हणाली, "साहेब, ही तर सुसतीया की."

"कुठं?" साहेबांनी पुन्हा कान लावला. "नाही."

"हाय की वो. सापावानी. ह्या अंगाला."

त्यांनी तिसऱ्यांदा कान लावला. मग ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघितलं. "वानखडे बाई, तुम्ही सांगा. सुसते?"

आता सांगते, त्या क्षणी मला रंगाचं निमित्त आठवलं नाही, जडपणाचं आठवलं नाही. मी म्हटलं, "हो साहेब. सुसते."

"आणि तुमची?"

"माझीपण."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

त्यांनी मालकांकडे मान वळवली. मालकांचे डोळे भरले होते. म्हणाले, "साहेब, तुम्ही येणार असलात की मी आधी सगळ्या पेट्या स्वतः बघतो. चांगल्या असतील त्याच तुमच्यासमोर ठेवतो. ही माळ्यावरची चुकून खाली आली. तुमच्या माणसांना मी वाईट पेटी दिलेली नाही, आईशपथ."

साहेबांनी पन्नास ग्रॅमचं वजन डबीत ठेवलं. डबी पिशवीत ठेवली. कुणावर आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे वजन खोटं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि सगळ्यांनी ते बाजारात चालू दिलं." मग मंगलला म्हणाले, "आज खरेदी नाही. मला चार दिवस द्या."

ते पायऱ्या उतरून गेले. मंगल रडायला लागली, "मी काय वाईट बोलले का ओ ताई?" मी तिला म्हटलं, नाही गं बाई, तूच एक चांगलं बोललीस. घरी येऊन मी जेवले नाही. हे मला समजावत बसले. पण मला सारखं वाटायचं, की मी त्या माणसाचं सगळं काढून घेतलं, आणि तेही तीन वर्षं उशिरा.

पाचव्या दिवशी मंगलचा फोन आला. पेटी घेतली म्हणाली! इतकी जोरात बोलत होती की फोन कानापासून लांब धरावा लागला. साहेब उदबत्तीचा पुडा घेऊन दुकानात आले होते. भाता भरायचा आणि पेटीच्या कडेकडेनं पेटती उदबत्ती फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकला तर गळती. शिवाय प्रत्येक पेटीला मंगलनं कान लावायचा, आणि दोघांचं एकमत झालं तरच पास. "दुकानात निस्ता धूर, ताई! गिऱ्हाइकं म्हनाली, कुनाचं वर्षश्राद्ध हाय का? सहाव्या पेटीला धूर सरळ गेला. नवऱ्यानं सोता डोक्यावर धरून घरी नेली."

मला फार हलकं वाटलं. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, साहेबांनी मला बोलावलं नव्हतं. गणपतीतही फोन नाही. मी केला तर उचलला नाही. मालकांकडून कळलं, की साहेब पाच-सहा वर्षांतल्या सगळ्या पेट्या पुन्हा तपासत हिंडताहेत, उदबत्ती घेऊन. एक विश्रांतवाडीची सोडली तर सगळ्या पास. मालक म्हणाले, "फार खूश आहेत हो. फक्त तुमच्याकडे जाणार का विचारलं की विषय बदलतात."

खंडेनवमी आली. मी पेटी पुसून मांडली. फूल वाहिलं नाही, आधी तपासणी. दहा वाजले. साडेदहा वाजले. हे म्हणाले, "बस उशिरा आली असन." अकरा वाजले. मी झेंडूची माळ हातात घेतली, म्हटलं आता वाहून टाकावी, आणि बेल वाजली.

दारात साहेब. कानात यंत्र. म्हणाले, "याच्यानं बसचा हॉर्न ऐकू येतो, पेटी येत नाही. डॉक्टरनं पैसे मात्र शांतपणे घेतले." आत आले, बसले, पुडा काढला. "सगळ्यांत साधी उदबत्ती. वास नको, धूर हवा."

मी भाता भरला. त्यांनी उदबत्ती फिरवली. उजव्या मागच्या कोपऱ्यापाशी धूर सरळ जाता जाता असा आडवा वाकला, जणू कुणी फुंकर मारली असावी. साहेबांनी तिथंच हात थांबवला. पुन्हा मागं नेऊन पुन्हा आणला. पुन्हा वाकला. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की विचारता सोय नाही. "ही बघा! इथं आहे! नापास!" इतक्या आनंदानं कुणी नापास केलेलं मी नोकरीतही बघितलं नाही.

मग त्यांनी उदबत्ती विझवली आणि मला म्हणाले, "बाई, नोकरीत किती मुलांना ग्रेस मार्क दिलेत?"

"एकालाही नाही."

"मग मलाच का?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं," ते म्हणाले. "ते तीन वर्षं आधी वाटायला हवं होतं. मी तेव्हाच उदबत्ती घेतली असती."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी म्हटलं, "चुकलं साहेब." आयुष्यात हा शब्द मी फार कमी वेळा उच्चारला आहे, ह्यांना विचारा. साहेबांनी मान डोलावली, पेटीचं झाकण उघडलं, आतल्या पाच खुणांपैकी शेवटच्या तीन पेन्सिलनं काट मारून खोडल्या आणि प्रत्येकीपुढं बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासनीस नापास'. तिन्ही ठिकाणी सही केली. दुकानाच्या मालकांना तिथल्या तिथं फोन करून दुरुस्तीचं सांगितलं.

पेटी नापास झाली होती, म्हणून मी चहाचं विचारलं नाही. डोळे पुसत उभीच राहिले. तर तेच म्हणाले, "चहा टाका की."

मी म्हटलं, "पण नापास झाली ना?"

"आज मी तपासायला आलो नव्हतो, बाई. तपासून घ्यायला आलो होतो." आणि आतल्या खोलीकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाले, "साखर वऱ्हाडातली घाला."

ते गेले तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली गेटपाशी भाजीची हातगाडी उभी होती, तिच्यावर इलेक्ट्रॉनिक काटा. साहेब बस स्टॉपकडे निघाले होते, ते थांबले. पिशवीतून डबी काढली, पन्नास ग्रॅमचं वजन काढलं आणि सरळ त्या काट्यावर ठेवलं. गाडीवाला काहीतरी वैतागून बोलला. साहेब वाकून आकडा बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, वजन उचलून डबीत ठेवलं आणि कोथिंबिरीची एक जुडी घेतली.